योना आणि उपाशी देवमासा

माझा योना पळपुटा. देवाने निनवे शहरात जाऊन लोकांना सावध कर म्हणून सांगितलं, तर हा गडी उलट्या दिशेचं गलबत पकडतो, वादळात समुद्रात फेकला जातो आणि देवमाशाच्या पोटात जाऊन बसतो. बायबलमधल्या या संदेष्ट्याला मी भोपळ्यासारखं नाक दिलं आणि तोक्योच्या एका साप्ताहिकात त्याचं कॉमिक सुरू केलं. पोटात बसून तो इतकी कुरकुर करायचा की मलाच हसू यायचं. वाचकांना मात्र येत नसावं. कारण संपादक कुसाकासान एक दिवस म्हणाले, "मातोबासान, आता आवरतं घ्या. शेवट दणदणीत करा. योना तलवारीने पोट फाडून बाहेर! रक्ताचा फवारा!"

मला पुढचं काम द्यायचं की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. मी मुकाट्याने पोट फाडलं.

पानं द्यायच्या आधी मी नाताळला गोतो बेटावर घरी गेले. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, आणि बाबा मासेमार. आई गेल्यावर एकट्याने बोट चालवून त्यांनी मला शिकवलं. माझ्या कॉमिकबद्दल मात्र आजवर चकार शब्द काढला नव्हता. संदेष्ट्याची टवाळी केली म्हणून रागावले असणार, अशी माझी खात्री होती.

त्यांनी साबणाने हात खसखसून धुतले, मग पानं उचलली.

"याची टिंगल खुशाल कर," ते म्हणाले. "आहेच रडका. पण देवमाशाला का मारलंस?"

"बाबा, कॉमिक आहे ते."

"अगं, तीन दिवस माणूस पोटात घेऊन फिरला बिचारा. पचवता येत नाही, थुंकता येत नाही. उपाशीच असणार. आणि बक्षीस काय, तर तलवार?"

"तुमचे आजोबा तर देवमासेच मारायचे!"

"मारायचे. पण पोटात पिल्लू निघालं तर चटईत गुंडाळून पुरायचे, त्याचं नाव ठेवायचे. बौद्ध भिक्षू मंत्र म्हणायचा आणि आमचे ख्रिस्ती आजोबा टोपी काढून शेजारी उभे. ज्याच्यावर गाव जेवलं, त्याला हात जोडल्याशिवाय कुणी घरी जात नसे. तुझा योना कुठल्या गावचा गं, एवढा कृतघ्न?"

मला राग आला, कारण म्हातारा बरोबर बोलत होता.

पानं फाडून तिथेच नवी काढायला बसले. देवमासा योनाला अलगद वाळूवर सोडतो. योना कुरकुरत निनवेच्या वाटेला लागतो, थांबतो, परत येतो. गुडघाभर पाण्यात उभा राहून नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकतो. "फार त्रास दिला. तुमच्यामुळे जगलो." देवमासा इतका दमलेला की त्याचे डोळेही धड उघडत नाहीत.

पानं मुद्दाम छपाईच्या तोंडावर पाठवली. कुसाकासान फोनवर कडाडले, "कुणीच मरत नाही? नुसतं वाकणं कोण विकत घेणार?" पण बदलायला वेळ उरला नव्हता. अंक निघाला, कॉमिक बंद झालं आणि पुढचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी ती पानं हातून झाली म्हणून मी आजही देवाचे आभार मानते.

अंक बेटावर पोचला तसा बाबांचा फोन आला.

"देवमाशाचे डोळे झकास जमलेत. एवढा दमलेला देवमासा पाहिलास तरी कुठे?"

"आपल्या घरात," मी म्हणाले. "बाबा, तुमच्यामुळे जगले."



"दमलो नव्हतो गं," ते म्हणाले.