मधोमध बसणारा आवाज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. टेबलावर मावणारा छोटा नव्हे, तर जमिनीवर उभा राहणारा, मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढ्या उंचीचा. आम्ही जोडीने जन्मलो आणि जोडीनेच जगलो. मी डावा. उजवा माझ्याहून अर्ध्या तासाने लहान, पण ऐट मात्र थोरल्याची. जन्मभर मी दुसऱ्यांचे बोलणे बोललो. गाणी बोललो, बातम्या बोललो, सामन्यांचे धावते वर्णनही बोललो. स्वतःचे एक वाक्य बोलायची वेळ आली, तेव्हा मात्र माझी दातखीळ बसली. ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

एका सुताराने आम्हाला बनवले. दोघांच्या अंगावरचा लाकडाचा पातळ पापुद्रा त्याने एकाच फळीतून काढला, म्हणून आमच्या रेषा सारख्या आहेत. काम झाल्यावर त्याने माझ्या कुशीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या काचेआड आम्ही तीन महिने धूळ खाल्ली आणि एके दिवशी एका जोडप्याने आम्हाला घरी नेले.

त्यांची लेक त्यांना आई आणि बाबा म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. बाबा छापखान्यात मुद्रिते तपासत. पानभर मजकुरात एक वेलांटी चुकलेली असली तर ती त्यांना आधी दिसे आणि बाकीचे पान नंतर. आई घरीच कपडे शिवायच्या. त्यांचे शिवणयंत्र खिडकीखाली होते आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघे भाऊ उभे राहिलो.

आम्हाला जोडायच्या दिवशी बाबांची पंचाईत झाली. स्पीकरच्या तारेत दोन पदर असतात. एक लाल खुंटीला लावायचा, दुसरा काळ्या खुंटीला. आणलेल्या तारेचे दोन्ही पदर मात्र दिसायला अगदी सारखे होते. बाबा डोके खाजवत बसले. आईंनी यंत्रावरचे रीळ उचलले, प्रत्येक तारेच्या एकेका पदराला दोन्ही टोकांशी लाल दोरा गुंडाळला, दुहेरी गाठ मारली आणि म्हणाल्या, "लाल दोरा लाल खुंटीला. एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं." बाबांनी ते ध्यानात ठेवले.

मग आमचे चांगले दिवस सुरू झाले. बाबा रोज फडक्याने आमची पाठ पुसत. लेक अभ्यासाला माझ्याच कुशीला टेकून बसे. पाहुणे आले की बाबा आमची अशी काही तारीफ करीत की उजवा आणखीच फुगे.

एका दुपारी बाबांनी गंमत केली. आई शिवताना गुणगुणत असत, म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर यंत्राखाली लपवून चालू केला. थोड्या वेळाने आईंच्या ते लक्षात आले. त्या टेपमध्ये आधी यंत्राची खडखड आहे, मग गुणगुणणे आहे, आणि मग एक वाक्य आहे: "अहो, बंद करा ते. चहा गार होतोय."

ही टेप पहिल्यांदा आमच्यावर लागली तेव्हा लेकीने यंत्राकडे वळून पाहिले. आवाज माझ्याकडून येत नव्हता, उजव्याकडूनही येत नव्हता. तो मधोमध, यंत्रासमोरच्या स्टुलावर बसला होता. मित्रांनो, हीच आमची विद्या. दोघांनी एकाच वेळी एकाच दिशेने श्वास टाकला की आवाज मध्ये येऊन बसतो. त्यात एकट्याचे श्रेय काही नाही.

आई गेल्या, त्याला आता सहा वर्षे झाली. त्यांच्या मागे बाबा दर रविवारी दुपारी समोरच्या खुर्चीत बसून ती टेप लावत. "चहा गार होतोय" हे वाक्य आले की ते सवयीने "आलो" म्हणत आणि उठून स्वयंपाकघरात जात. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. लेक तोवर नोकरीसाठी दुसरीकडे राहायला गेली होती.

गेल्या वर्षी घराला रंग दिला. रंगाऱ्याने आम्हाला बाजूला सरकवले. भिंतीशी लोंबणाऱ्या तारांवरूनही त्याचा ब्रश फिरला, आणि माझ्या तारेच्या एका टोकाचा लाल दोरा पांढऱ्या रंगाखाली गडप झाला. ते टोक ॲम्प्लिफायरला, म्हणजे आवाज मोठा करून आम्हाला पाठवणाऱ्या पेटीला, लावायचे होते. सगळे पुन्हा जोडताना बाबांनी दोरा शोधला, तो दिसला नाही. मग त्यांनी अंदाजाने पदर लावले. अंदाज चुकला. साऱ्या छापखान्याच्या चुका पकडणाऱ्या माणसाच्या घरीच ही चूक राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या दिवसापासून मी पुढे ढकलू लागलो की उजवा मागे ओढू लागे. आम्ही भांडलो नव्हतो हो! पण एक बैल इकडे आणि एक तिकडे, अशी गाडी चालते का? ढोलाचा दणका गेला. गाणे पोकळ झाले. आणि रविवारी टेप लागली तेव्हा आईंचा आवाज खोलीभर विखुरला, पण स्टुलावर काही बसला नाही. बाबा त्या दिवशी "आलो" म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटले. माझी तार उलटी आहे, एवढे चार शब्द मला सांगता आले असते तर!

दोन महिन्यांनी बाबा लेकीला म्हणाले की स्पीकर म्हातारे झाले, नवे बघू. टेपचे त्यांनी काहीच सांगितले नाही. लेक सुट्टी काढून आली. तिने वर्तमानपत्राचे चौकोन कापून जमिनीवर मांडले, कुठली जोडी कुठे मावेल ते पाहायला. मग रोज संध्याकाळी आमच्यादेखत आमच्याच बदलीची चर्चा चाले. एक जोडी फार उंच, कोणी पाहुणा निघायला उभा राहिल्यासारखी. एक पांढरी, तिच्यावर बोटांचे ठसे उठणार. एकीचा आवाज गोड, पण पाय डुगडुगणारे. दुकानातल्या बाईंनी बाबांना विचारले होते म्हणे, की तुम्ही ऐकणार काय यावर? बाबा म्हणाले, विशेष काही नाही. निघताना त्यांनी टेप खिशात घातलेली मी पाहिली होती, पण बायकोचा आवाज चारचौघांत लावायला त्यांना अवघड वाटले असावे.

शेवटी काळी, सडपातळ, चकचकीत जोडी आठ दिवसांच्या बोलीवर घरी आली. आमची रवानगी आतल्या खोलीत झाली आणि अंगावर जुनी चादर पडली. नव्यांना आमच्याच तारा जोडल्या गेल्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. पोरे गुणी होती, पण त्यांच्याही नशिबी तीच उलटी तार आली. गाणी ऐकून लेक म्हणाली की आवाज स्वच्छ आहे, तरी रिकामा वाटतो.

रविवारी बाबांनी टेप लावली आणि अर्ध्यातच थांबवली. मग ते लेकीला म्हणाले, "स्पीकरचा दोष नव्हता गं. टेपच संपत आली. तुझी आई पुसली जातेय." रविवारच्या टेपचे लेकीला तेव्हा पहिल्यांदा कळले. ती बापाशेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाई नवी जोडी परत न्यायला आल्या. लेकीने त्यांना कारण सांगितले. बाई म्हणाल्या, एकदा ऐकवा. दोन मिनिटे ऐकून त्या उठल्या, ॲम्प्लिफायरच्या मागे वाकल्या आणि माझी तार हातात घेऊन नखाने रंग खरवडू लागल्या. पांढऱ्याखालून लाल दिसू लागले.

"हा दोरा कोणी बांधला होता?" त्यांनी विचारले.

बाबा जवळ गेले. गाठ दुहेरी होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "टेपमध्ये आहे ना, तिनेच."

बाईंनी पदर बदलले. नव्या जोडीवर आता टेप छान वाजेल, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. पण बाबा म्हणाले, "आधी जुने लावू. चूक माझी होती, आळ त्यांच्यावर आला." माझ्या अंगावरची चादर निघाली. गिऱ्हाईक आपणच घालवले, असे हसत हसत म्हणत बाईंनी उजव्याला उचलायला हात दिला.

मित्रांनो, बाबा बटण दाबताहेत, तेवढ्यात एक सांगून घेतो. जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. माझा पडदा कधीतरी फाटेल, तेव्हा मला खुशाल बदला. पण कुणाचा आवाज पोकळ येऊ लागला, मग ती वस्तू असो की माणूस, तर म्हातारपण म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवण्याआधी एकदा मागे वाकून बघा. दोष एखाद्या गाठीत असेल. ज्याचा दोष नसतो त्याला पुष्कळदा बोलता येत नाही.

टेप सुरू झाली. खडखड झाली, गुणगुणणे झाले. कितीतरी महिन्यांनी मी आणि उजव्याने एकाच दिशेने श्वास टाकला. लेकीने लहानपणी पाहिले होते तसेच वळून स्टुलाकडे पाहिले.

"अहो, बंद करा ते. चहा गार होतोय."

"आलो," बाबा म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.