काचेमागची नववी किटली

मी एक जुनी किटली आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली किटली आहे. वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी अशी पद्धत आहे. जुनी छत्री उसासे टाकते, जुनं घड्याळ डोळे पुसतं. मला ते जमणार नाही. माझं आयुष्य ज्यांच्या हातात होतं, त्यांनी "लवकर, लवकर" म्हणत मला पाच महिने एका जागी बसवून ठेवलं. तुम्हाला राग आला नसता का? आणि माझा तर उकळण्याचाच धंदा.

माझा जन्म भांड्यांच्या एका कारखान्यात झाला. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिला नमुना खोली म्हणत. नवी वस्तू बाजारात जाण्याआधी तिचे नमुने तिथे हाताने बनत. भिंतीवर कानशी टांगलेल्या, टेबलाखाली पत्र्याचे तुकडे, आणि चष्म्याला दोरी बांधलेले मिस्तरी. तीस वर्षं ते नमुनेच करत होते. ठोकताना आमच्याशी बोलायचे, चुकलं तर स्वतःला शिव्या द्यायचे, आणि काम झालं की आमच्या बुडावर खिळ्याने क्रमांक कोरायचे. माझ्या बुडावर नऊ कोरलेला आहे. म्हणजे मला आठ थोरल्या बहिणी होत्या. पहिलीची चोच गळायची, तिसरी फार जड, पाचवी तिच्या बैठकीवरून, म्हणजे घोडीवरून, उलथायची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मित्रांनो. नमुना खोलीत फसावं, म्हणजे लोकांच्या घरात फसावं लागत नाही.

मिस्तरींचा एक नियम होता. नमुना कारखान्याबाहेरच्या एका माणसाने घरी वापरल्याशिवाय त्याच्यावर मत द्यायचं नाही. याला ते 'घरची पाळी' म्हणत. साहेबलोक टेबलावर ठेवलेली किटली बघून मान डोलावतात, पण त्यांना कुठे स्वतः पाणी तापवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

आमची कल्पना सुचली ती पेन्सिलताईंना. त्या कारखान्यात वस्तूंची चित्रं आणि मापं काढत. केसांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल त्या दिवसातून चार वेळा शोधत, म्हणून हे नाव. त्यांच्या आईने चाळीस वर्षं शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवले होते. त्यात तिच्या दोन्ही मनगटांतला जोर गेला. भरलेली किटली तिला उचलवेना. लेक सकाळी थर्मास भरून ठेवून कामावर जाई, आणि दुपारपर्यंत ते पाणी कोमट होई. कपभर गरम पाणी हवं तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची, नाहीतर शेजारणीला हाक मारायची. आईला हाक मारण्याचा कंटाळा होता.

म्हणून ही न उचलता ओतायची किटली. आम्ही लोखंडी घोडीवर बसतो, पाणी विजेवर आमच्या पोटातच तापतं, आणि दांडी एका बोटाने खाली दाबली की आम्ही पुढे झुकून कपात पाणी ओततो. पेलाभर पाणी वरून घालायचं, ढक्कन लावायचं, बस.

आठव्या बहिणीची घरची पाळी याच आईकडे झाली. आईने दांडी दाबली, पाणी सुरेख कपात पडू लागलं आणि शेवटच्या घोटाला ढक्कन निसटलं. उरलेलं कढत पाणी आईच्या हातावर. बोटभर फोड आला.

लेक रडकुंडीला आली. आई मात्र हात नळाखाली धरून म्हणाली, "किटली गुणाची आहे गं. फक्त तिचं डोकं ठिकाणावर नाही. तेवढं बसव."

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी मला घडवायला घेतलं. ढक्कनाच्या कडेला त्यांनी नखाएवढी पत्र्याची जीभ जोडली आणि माझ्या गळ्यात तिच्यासाठी खाच पाडली. ढक्कन लावून जरासं फिरवलं की जीभ खाचेत बसते, मग मला पार पालथं केलं तरी ढक्कन हलत नाही. हे काम एका दुपारचं होतं. एका दुपारचं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी आईच्या घरी एक आठवडा राहिले. लेक कामावर असताना आईने एकोणीस वेळा आपल्या कपात पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. मला वाटलं, आता माझ्यासारख्या हजारो जणी होतील आणि मी कृतार्थ होऊन माळ्यावर पडेन. घोडं अडलं ते इथेच.

कारखान्यात तेव्हा एक नवे साहेब आले होते. ते जिन्यावरून कधी चालत नसत, पळत. बोलताना वाक्य पुरं करत नसत. त्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत. नव्या वस्तू झटपट बाजारात आल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पण त्यासाठी त्यांनी काय करावं? वेगवृद्धी समिती नेमली. ती दर सोमवारी तीन तास बसून कामं का रखडतात यावर चर्चा करी. ज्यांची कामं रखडली होती, ते सगळे त्या तीन तासांत समितीसमोर बसलेले असत.

दुसरा हुकूम असा निघाला की, ठरलेल्या तारखेनंतर चित्रातली मापं बदलायची नाहीत, कारण बदलांमुळे उशीर होतो. बदलायचीच असतील तर बदलपत्र भरायचं आणि त्यावर सात सह्या घ्यायच्या. ती तारीख माझ्या जन्माच्या दोन दिवस आधीची होती. म्हणजे कागदावर होती आठवी किटली, निसटत्या ढक्कनाची. जीभ फक्त माझ्याकडे होती.

आणि तिसरा हुकूम माझ्यावरच निघाला. घाईसाहेब नमुना खोलीत धावत आले, मला उचललं आणि म्हणाले, "वा! चाळीस दिवसांत! हिला सगळ्यांनी पाहिलं पाहिजे. हिला कुणी हात लावायचा नाही आता."

झालं. माझी रवानगी दारातल्या काचेच्या कपाटात. वर दिवा, खाली पितळी पाटी: 'नवकल्पना, चाळीस दिवसांत'. पाहुणे येत, वाकून बघत, वाहवा करत. पण एकानेही कधी ढक्कन फिरवून बघितलं नाही. बघणार कसं? कुलूप होतं! माझं सगळं शहाणपण त्या नखाएवढ्या जिभेत होतं आणि ती बाहेरून दिसतही नव्हती. ही स्तुती काय चाटायची आहे? मला तर पाटीवरच्या त्या अक्षरांचा तिटकारा आला होता.

काचेतून मला पेन्सिलताई दिसत. हातात बदलपत्र घेऊन त्या जिना चढत, जिना उतरत. पहिली सही झाली. दुसरे म्हणाले, आधी तिसऱ्यांची आणा. तिसरे म्हणाले, दुसऱ्यांची झाल्याशिवाय मी कशी करू? चौथे रजेवर. पाचव्यांनी पत्र ठेवून घेतलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. असे पाच महिने गेले. येता-जाता त्या माझ्याकडे बघायच्या, आणि मला आतून ओरडावंसं वाटायचं. पण किटली ओरडते ती पाणी असलं तर. मला कोरडी ठेवलेली.

मग एके सकाळी साच्यातून पहिला माल निघाला. दोन हजार किटल्या, चकचकीत. पेन्सिलताईंनी दारातल्या बेसिनपाशीच एक भरली आणि झुकवली. ढक्कन टणकन खाली. थंड पाणी होतं म्हणून बरं.

तेवढ्यात घाईसाहेब जिन्यावरून पळत आले. ताईंनी त्यांना अडवलंच.

"साहेब, ढक्कन पडतंय. हा माल पाठवता येणार नाही."

"मॅडम, शुक्रवारी गाडी निघणार. आता बदल म्हणजे..."

"बदल नववीत केलेला आहे. ती त्या कपाटात आहे. दोन मिनिटं काढून दाखवते, तुम्ही स्वतः बघा."

"मग काढा ना!"

"किल्ली तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे? छे. किल्ली समितीकडे. अर्ज द्या, सोमवारी घेऊ." आणि साहेब निघालेसुद्धा.

शुक्रवारी माल जाणार आणि सोमवारी अर्ज घेणार. मित्रांनो, मी पत्र्याची आहे, पण त्या क्षणी मला कपाळ असतं तर मी ते काचेवर आपटलं असतं. दोन हजार घरं. प्रत्येक घरात मनगटं दुखणारं एखादं माणूस, आता हाक मारायला नको म्हणून हरखलेलं. आणि शेवटच्या घोटाला ते ढक्कन.

पेन्सिलताई बेसिनपाशी उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते दुःखाने नव्हे, संतापाने. मागून मिस्तरी आले. त्यांनी ओल्या ढक्कनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, किल्ली कशाला हवी तुम्हाला?"

"कुलूप आहे ना, मिस्तरी."

"कुलूप पुढे आहे. पाठीमागे चार स्क्रू आहेत. कपाट मीच केलंय."

"मग पाच महिने गप्प का बसलात?"

मिस्तरींनी चष्मा काढून पुसला. "हात लावायचा नाही, असा हुकूम होता. तीस वर्षांत हुकूम मोडला नाही मी. मला वाटलं, सह्या होतील. चुकलंच माझं."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चार स्क्रू काढले, मला बाहेर घेतलं आणि माझ्या जागी आठव्या बहिणीला ठेवलं. पाटी तीच, दिवा तोच. मग दोघं मला घेऊन थेट साचेवाल्याकडे गेले. तो मापाशिवाय कामाला हात न लावणारा माणूस.

"चित्र कुठंय?" त्याने विचारलं.

"हीच चित्र," मिस्तरी म्हणाले. "हिचंच माप घ्या."

"आणि सही? उद्या माझ्या मानेवर येईल."

पेन्सिलताईंनी अंबाड्यातली पेन्सिल उपसली. मग काय वाटलं कोण जाणे, ती परत खोचली आणि साचेवाल्याच्या खिशातलं शाईचं पेन मागून घेतलं. कागदावर लिहिलं: 'हा बदल माझ्या जबाबदारीवर'. खाली सही. नोकरीवर घर चालत होतं. तरी केली. पाच महिन्यांत सात माणसांकडून जे पुरं झालं नाही, ते एका माणसाने उभ्या उभ्या केलं.

तयार ढक्कनांना जिभा जोडायला आणि किटल्यांना खाचा पाडायला दोन दिवस लागले. मी त्या दोन दिवसांत चारशे वेळा पालथी झाले असेन, आणि इतकी सुखात कधीच नव्हते. ताई साहेबांना सगळं सांगायलाही गेल्या, लपवून ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. पण साहेब वेगवृद्धीच्या तातडीच्या बैठकीत होते. हातानेच "नंतर, नंतर" म्हणाले. ते नंतर अजून आलेलं नाही.

शुक्रवारी गाडी वेळेवर गेली. घाईसाहेबांचा सत्कार झाला.

आणि बदलपत्र? तेही आलं बरं का परत, तीन महिन्यांनी, सातही सह्यांचं. खाली शेरा होता: 'बदलाची गरज पटवण्यासाठी नववा नमुना समितीपुढे सादर करावा. नमुना दारातल्या कपाटात सुरक्षित आहे.' कपाटात आजही आठवीच आहे. लोक वाकून बघतात, वाहवा करतात. ढक्कन कुणी उघडलेलं नाही.

मी आता पेन्सिलताईंच्या आईकडे असते. माझा रंग उडाला आहे, दांडी एका बाजूला झिजली आहे, घोडी जराशी करकरते. पहिल्या दिवशी लेक कामावरून आली, तेव्हा आईने तिला खुर्चीवर बसवलं, दांडीवर बोट ठेवलं आणि मला झुकवलं. लेक सवयीने पुढे धावली, तशी आई म्हणाली, "बस गं तू. मनगटं गेल्यापासून दोन वर्षांनी तुला काहीतरी हातात देतेय, देऊ दे."

लेकीने कप दोन्ही हातांत धरला. बराच वेळ प्यायलीच नाही.

तर मित्रांनो, तुम्ही मोठे झालात आणि कुणी तुमच्यापुढे नवी वस्तू आणून ठेवली, तर टाळ्या मागाहून वाजवा. आधी तिला हातात घ्या, पाणी भरा, उलटी करा, आपल्या आईला वापरायला द्या. आणि ती चांगली निघाली, तर कृपा करून तिला कपाटात ठेवू नका.

आईने पाणी घातलं आहे. मला आता काम आहे.