उत्तर मंगलने द्यायचे होते

कोपरे झिजलेली, प्लास्टिकच्या वेष्टनातली मी एक जुनी प्रश्नावली आहे, मित्रांनो. थर्मामीटर ताप मोजतो, मी मनातली भीती मोजते. झोप लागते का, छाती धडधडते का, असे माझे प्रश्न. प्रत्येकापुढे उत्तरे चार : कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज. खुणा पुसता येतात, म्हणून मी पुन्हा पुन्हा कामाला येते.

अभ्यासकांनी कितीतरी माणसांना विचारून माझा एकेक प्रश्न पारखला. मग मी बेळगावात मनोविकारतज्ज्ञ विद्युल्लता मॅडमच्या दवाखान्यात आले. अनगोळचे सुहास सर बरे झाल्यावर म्हणाले होते, "माझा आजार ह्या कागदानं आधी ओळखला." मला फार अभिमान वाटला.

पण थर्मामीटर ज्याच्या तोंडात, त्याचाच ताप दाखवतो. माझे तसे नाही.

परवा येळ्ळूरची मंगल आली. बाळंतपणापासून ती सारखी दचकते, म्हणून गावच्या डॉक्टरांनी पाठवलेली. सोबत सासू अंबुबाई. बाहेर गर्दी होती. नर्स जयाबाई मला घाईने वाचू लागल्या.

"झोप लागते का?"

"झोपती की! पोर रडलं तरी उठत न्हाय," अंबुबाई म्हणाल्या.

"भीती वाटते?"

"कशाची वो भीती? आमी सगळी हाय की घरात."

"आक्का, तिला बोलू द्या."

"ती बोलंल व्हय? लग्नात नाव घे म्हटलं तर जेवणं उठली, तरी हिचं तोंड उघडंना!"

सगळे हसले. मंगलही हसली.

"आपण नसलेलंच बरं, असं वाटतं का?"

मंगलने माझी कड घट्ट धरली. तिची बोटे थंडगार होती.

"असलं अभद्र इचारू नका. न्हाय म्हणून लिवा."

जयाबाईंनी 'कधीच नाही'वर खूण केली. गुणांची बेरीज अगदी कमी आली. ती पाहून मॅडमनी शक्तीच्या गोळ्या लिहायला घेतल्या. मी टेबलावर तडफडत होते. ही बेरीज मंगलची नाही हो, अंबुबाईंची आहे! पण कागदाला आवाज कुठला?

मंगल उठली. बाळ सासूच्या हातात देत हळूच म्हणाली, "आत्ती, ह्याला आता तुमचीच सवय लावा."

मॅडमचे पेन थांबले.

"अंबुबाई, बाळाला घेऊन जरा बाहेर बसा."

दार लागले. मॅडमनी माझ्यावरच्या सगळ्या खुणा पुसल्या. "मंगल, माझं चुकलं. आता तूच सांग. पहिल्या प्रश्नापासून."

पेन खाली ठेवून मॅडम तिच्या उत्तराची वाट पाहू लागल्या. मग मंगलने माझ्या शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवले.

"ह्येच्यापासनं इचारा," ती म्हणाली. बोट सरकत सरकत 'रोज'वर आले आणि तिथेच राहिले.

मित्रांनो, घरात कुणी गप्प गप्प असेल तर त्याच्या वतीने 'बरं आहे' म्हणू नका. त्यालाच विचारा. आणि विचारून झाल्यावर उत्तरासाठी थांबा.