भामाला रजा दिली कोणी?

कंपनी होती खिळ्यांची, कळंबोलीत, आणि माणसं सत्तर. पण परेशशेठांनी सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर आणला तो असा ऐटीत, जणू सात हजारांची कंपनी. हजेरी, रजा, बदल्या सगळं त्यात. शिवाय शेठचा हुकूम: ज्याचा विभाग त्यानेच उघडायचा. गोदामाचा पासवर्ड तुळशीरामकाकांना, पॅकिंगचा गोदूबाईंना, गाड्यांचा महादेवला. कोणी दुसऱ्याच्या माणसांत बोट घालायचं नाही. सगळे विभाग उघडू शकणारी एकटी रमा, कारण पनवेलला कॉम्प्युटरचा क्लास तिनेच केला होता.

महिनाभर रमा नुसती हवेत होती. आणि मंगळवारी सकाळी धपकन खाली आली.

द्रोणागिरीला जाणारा ट्रक दारात उभा, आणि पेट्या मोजून देणारी गोदामातली भामा गायब. कॉम्प्युटर म्हणाला, भामा रजेवर. रजा कोणी दिली? तुळशीराम ठाकूर यांनी, काल दुपारी.

"मी नाय दिली," तुळशीरामकाका म्हणाले. "काल मी करंजाला व्हतो, साडूच्या घरी. तिथून कशी देनार? तार करून?"

शेठने रमाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. बरोबरच होतं म्हणा. काकांच्या विभागात काकांशिवाय जाऊ शकणारी ती एकटी, आणि भामा रोज डबा खायची ती तिच्याशेजारी बसून.

"भामा मैत्रीण ना तुझी?" शेठ म्हणाले.

"हो, पण मी नाही दिली."

"काकांनी नाही, तू नाही, मग काय मशीनला दया आली? संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर सगळे पासवर्ड माझ्याकडे आणि तू परत टाइपरायटरवर."

टाइपरायटर! रमाने मशीन बंद करून चालू केलं. परत तेच. आपणच काल काही दाबलं का? झोपेत? काका खोटं बोलतात का? पण काका तर ट्रकवाल्याला चुकून एक पेटी कमी गेली तर मागे धावत जाणारे. तिला स्वतःचाच संशय यायला लागला, इतका की तिने आठवून पाहिलं, काल दुपारी आपण होतो कुठे.

जेवणाच्या सुट्टीत ती काकांसमोर जाऊन बसली.

"काका, पासवर्ड कोणाला सांगितलात?"

"बाहेरच्या कुनाला नाय."

"आणि आतल्या?"

"गोदूला सांगितलाय. शेजारी हाय ना ती."

रमा गोदूबाईंकडे पळाली. गोदूबाई खिळ्यांच्या पुड्या बांधत होत्या.

"मावशी, भामाची रजा..."

"मी दिली. आज भावाची हळद हाय तिच्या. रडत आली पोरगी, आनि हा गेलेला करंजाला."

"पण तुम्ही पॅकिंगच्या. गोदाम तुमचं नाही."

"अगं, घराला कुलूप घालून जाताना चावी कुनाकडं ठेवतेस तू? शेजारीच ना? आनि पावना दारात आला तर शेजारीन त्याला उन्हात उभा ठेवंल काय?"

रमाने आणखी चौकशी केली तर पुढचं ऐकून भोवळच यायची बाकी राहिली. गोदूबाईंचा पासवर्ड महादेवकडे होता. महादेवचा काकांकडे. गावाकडची रीत, तिघांनी कुणी न सांगता पाळलेली. शेठने घातलेल्या भिंतींना महिन्याभरात सगळीकडून दारं.

संध्याकाळी तिने काका आणि गोदूबाईंसमोरच शेठना सगळं सांगितलं. शेठ तुळशीरामकाकांवर डाफरले, "मग रजा खोटीच ना?"

"खोटी कशी?" काका शांतपणे म्हणाले. "गोदूनं दिली म्हंजे मीच दिली. सकाळी मला ठावं नव्हतं, आता ठावं हाय. ट्रकच्या पेट्या मी मोजल्या."

"मग मी विभाग वेगळे केले कशाला?"

रमाला वाटलं, शेठचं बरोबर आहे. मग वाटलं, काकांचंही आहे. मग दोन्ही एकदम बरोबर कसं असेल, इथे येऊन डोकं अडकलं ते अडकलंच.

"काम तुझ्याकडेच राहू दे," शेठ शेवटी म्हणाले. "उद्या सगळे पासवर्ड बदल. प्रत्येकाच्या गैरहजेरीत कोण बघणार, तेही माझ्याकडून लिहून घे. चोरून नाही, सांगून. आणि तुझा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही, शेठ." रमा ताठ उभी राहिली.

"म्हणजे उद्या तू तापाने पडलीस तर सत्तर माणसं अडकली?"

हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती काकांकडे बघायला लागली, काका छताकडे.

"माज्याकडं ठेव की," गोदूबाई म्हणाल्या.

रमाने मान हलवली. पण हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते घरी पोचेपर्यंत तिचं तिलाच कळलं नाही.