तीस तास

रोज दुपारी चारला आमचं पुढचं दार आपोआप उघडतं. सुतारानं कडी तीनदा बदलली, चौथ्यांदा हात जोडले. "ताई, कडीत खोट नाही," म्हणाला. ते का मला माहीत नाही? खोट माझ्या जिभेत आहे.

मी बावीस वर्षं लोकांना विमानाची तिकिटं काढून देतेय. आमच्या धंद्यात एक रीत आहे: लांबच्या प्रवासाचे तास सांगायचे नाहीत. तीस तास म्हटलं की गिऱ्हाईक खुर्चीतून उठलंच म्हणून समजा. पोचायची वेळ तेवढी सांगायची, "चारला पोचाल," आणि तिकिटावर शेजारी बारीक '+१' असतं, त्याला पेनानं गोल करायचा. म्हणजे चार खरे, पण दुसऱ्या दिवशीचे.

त्या मंगळवारी सकाळी दहाला दादाचा फोन आला. तो राहतो साडेतेरा हजार किलोमीटरवर, तिकीट मीच काढून दिलेलं. "विमानात बसतोय. बाबांना सांग," म्हणाला आणि फोन बंद झाला. बाबा तीन दिवस डोळे मिटून पडले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी कानाशी वाकून सांगितलं, "दादा निघालाय." बाबांनी डोळे उघडले.

"कधी येतोय?"

"चारला पोचतोय," मी म्हणाले. सवयीनं. कागद नव्हता, पेन नव्हतं, गोल राहून गेला.

आणि बाबा चक्क उठून बसले की हो! दाढी करून मागितली, धुतलेला सदरा मागितला, कपभर दूध प्यायले. दार आणि घड्याळ दोन्ही दिसतील अशी उशी लावून घेतली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्यांनी आजचे चार धरलेत. सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता, माझी जीभच रेटेना. म्हटलं, या उमेदीवर आजचा दिवस तरी निघेल. मोठी शहाणी मी!

चारला बाबा म्हणाले, "दार उघड." उघडलं. साडेचारला विचारलं, "विमानाला उशीर झाला का?"

"सामान मिळायला वेळ लागतो, बाबा."

पाचला त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पोरीचं खोटं बापाला कळतंच. मग भिंतीकडे तोंड केलं आणि गेले.

बुधवारी बरोबर चारला दादा बॅग घेऊन दारात उभा. तीन विमानं बदलून आलेला, त्याला कशाचाच पत्ता नाही. हसून म्हणाला, "वेळेवर आलो ना गं?"

काय सांगणार होते मी त्याला? बाबा गेले एवढंच सांगितलं; चारचं आजतागायत सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी तो परत गेला आणि दार उघडायला लागलं. आधी घाबरले, मग चिडले. "अहो बाबा, येऊन गेला तो!" म्हणून ओरडले. दार आपलं आ वासून तसंच. रडले, माफी मागितली, काही उपयोग नाही. रोज मीच उठून लावायची.

काल दार उघडलं तेव्हा मी फार दमले होते. बसल्या जागेवरून तोंडातून निघून गेलं, "आज नाही, बाबा. उद्या चारला येतोय. तीस तास लागतात त्याला."

दार हळूच लागलं. कडीसुद्धा आतून बसली.

म्हणजे बाबा थांबले असते हो. खरं सांगितलं असतं, तर थांबले असते.