पावण्यायच्या सिरीयली

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली का नाटकं लागतात. गावात नाटक ठेवलं का घराघरात पावणे. रात्रभर मंडपात बसाचं, सकाळी येऊन झोपाचं, उठलं का जेवाचं. पोरीबाळीयचे लगनं याच गर्दीत जुळतात. मी मुखरू, सिंदेवाहीकडचा धानवाला माणूस. माही पोरगी ज्योत्स्ना याच नाटकायत काम करे. हिरोईन नाई, हिरोची बहीण. पण तिचा रडाचा प्रवेश आला का अख्खा मंडप पदर डोळ्याले लावे.

तिची पोरगी दुर्गा मांडीवर होती तवा ज्योत्स्ना तापानं गेली. जावयानं दुसरी केली अन् लेकरू आमच्याकडं आणून सोडलं. बरं केलं, त्याच्याजवळ काय होतं तिचं?

ज्योत्स्ना जाच्या आधी एका चॅनलवाल्यानं नाटकवाल्यायवर अर्ध्या घंट्याचा कार्यक्रम दाखवला होता, त्यात तिचं बोलणंबी होतं. माया पोरानं, प्रफुलनं, कॉम्प्युटरले टीव्हीचं कार्ड बसवलं होतं, त्यात त्यानं तो भरून ठेवला. फोटो बहुत हायत तिचे. पण आवाज तेवढाच. दुर्गा रोज ते लावाले लावे, अन् पडद्यावर हात ठेवून आईसंगं बोले.

औंदा गावात दोन रात्री नाटक होतं. म्या सोयऱ्यायले सांगूनच बलावलं, का या, ज्योत्स्नाले पाहाले भेटन. आले बापा सगळे. सून खुशबूची माय, मावश्या, आत्या, घर भरून गेलं. अन् त्या बायायले चिंता कायची? रात्री मंडपात बसलो तं सिरीयली बुडतीन! मंग प्रफुलनं पावण्यायचं मन राखलं. ज्याची जे सिरीयल असन ते सगळी रेकॉर्डिंगवर लावून देल्ली, दोन्ही रात्री. आयजीच्या जीवावर बायजी उदार.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे कॉम्प्युटरपुढं बसले. दुर्गा सगळ्यायच्या समोर, नवा फ्राक घालून. प्रफुलनं उघडलं. सिरीयलीच सिरीयली. ज्योत्स्ना कुठीच नाई. त्यानं वरून पाह्यलं, खालून पाह्यलं, मंग दुरुस्तीवाल्याले फोन लावला.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला विक्की आला. त्यानं पाहून सांगतलं का व्हायरस नाई, काई बिघडलंबी नाई. डिस्क भरली का मशीन सगळ्यात जुनं आपोआप काढते अन् नव्याले जागा करते. जे ठेवाचं असन त्यावर 'काढू नको' अशी खूण कराची असते. ते कोनीच केली नोयती. काढलेल्याच्या जागेवर सिरीयली बसल्या, म्हून आता ते वापस येत नाई. चॅनल तं कवाचाच बंद पडला.

प्रफुल म्हणे, "बाबा, मशीननं केलं, म्या नाई केलं."

माया तळपायाची आग मस्तकात गेली. म्या म्हणलं, "मशीनले का समजते रे, कोन कोनाची माय होती ते? तुले तं समजत होतं ना?"

मले त्याची कीव नाई आली. आजबी येत नाई.

मंग व्याहीणबाईनं हळूच विचारलं, का आमची सिरीयल तं हाये ना? होती. लावली. पावणे माणसं, त्यायले नाई कोन म्हणन? खुशबूनं चहा आणला. मी उठून ओसरीवर आलो.

दुर्गा माया मांगं मांगं आली. माया गुडघ्याले टेकून विचारते, "आबाजी, आई कशी बोले?"

कार्यक्रमातलं ज्योत्स्नाचं बोलणं मले पाठ होतं. ऐकून ऐकून झालं होतं. म्या गळा साफ केला अन् म्हणलं, "माही दुर्गा मंडपातच झोपते, घुंगराच्या आवाजानंबी उठत नाई." शब्द सगळे आले. आवाज नाई आला. आतमंधी ते सिरीयलवाली हुंदके देऊन राह्यली होती, माया कानात तेच भरली. लई आठवलं, पोरीचा आवाज काई सापडला नाई.

दुर्गानं माया तोंडाकडं पाह्यलं. "आई अशी नाई बोले," म्हणे. अन् आत जाऊन त्या बायायमंधी सिरीयल पाहात बसली.