लाजली म्हणजे शुद्धीवर आली

मी एक जुनी विजेची पेटी आहे. मित्रांनो, पेटी म्हटल्यावर तुम्हाला भजनातली सूर धरणारी पेटी आठवेल, पण माझ्या पोटात सूर नाही. माझं अंग सागवानी आहे, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आहेत, तोंडावर एक काटा आणि एक काळं बटण आहे. माझ्यातून दोन वायरी निघत आणि त्यांच्या टोकांना दोन लहान गाद्या असत. त्या मिठाच्या पाण्यात भिजवून माणसाच्या कानशिलांवर धरायच्या आणि क्षणभर वीज सोडायची. ज्यांचं मन कुठल्याच औषधाने ताळ्यावर येत नसे, त्यांच्यासाठी मला घडवलं होतं.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. अकोल्याच्या डॉक्टर केशवरावांनी मला गवत भरलेल्या खोक्यात घालून आगगाडीने आणलं. दवाखाना त्यांच्या राहत्या घरातच होता. बाहेर ओसरीवर बाक, आत माजघर, आणि माजघराला लागून उपचाराची खोली. त्या खोलीतल्या काचेच्या कपाटात माझी जागा होती. गावात मला सगळे ‘झटक्याची पेटी’ म्हणत. ते नाव मला मुळीच आवडत नसे, पण नाव ठेवणाऱ्यांचं तोंड कोण धरणार!

मी उगाच साधूपणाचा आव आणत नाही. माझ्यामुळे माणसं बरीही झाली. तेल्हाऱ्याचे एक मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते, ते पुन्हा शाळेत जाऊन शिकवू लागले. मूर्तिजापूरहून, नांदगाव खंडेश्वराहून लोक बैलगाडीने, रेल्वेने येऊ लागले. “केशवरावांच्या हाताला यश आहे,” असं ते म्हणत, आणि ते ऐकून मी कपाटात फुगून बसत असे. दसऱ्याला कंपाउंडर नत्थुजी मला झेंडूची माळ घालत. ती माळ मोर्णा नदीच्या काठच्या देवीदास माळ्याच्या बागेतून यायची.

झटक्यानंतर माणसांचं डोकं दुखायचं, हे खरं. जीभ जड व्हायची. कुणी आपल्या वहाणा ओळखत नसे, कुणी जेवून पुन्हा जेवायला मागे. बाकावरचे लोक हसत. “एवढं तेवढं चालायचंच,” असं केशवराव म्हणत. त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यांना तेव्हा तेवढंच ठाऊक होतं.

रोगी डोळे उघडू लागला की केशवराव त्याला तीन प्रश्न विचारत. आज वार कोणता? गाव कोणतं? घरच्या माणसाचं नाव काय? उत्तरं नीट आली की समजायचं, शुद्ध आली. बायकांच्या बाबतीत मात्र तिसऱ्या प्रश्नाला निराळंच उत्तर येई. नवऱ्याचं नाव कोण बाई चारचौघांत घेणार? ती पदर पुढे ओढी आणि मान खाली घाली. मग नत्थुजी हसून म्हणत, “लाजली जी साहेब! आली शुद्धीवर!” केशवरावही हसत. पुढे पुढे तो त्या खोलीचा नियमच होऊन बसला. लाजली म्हणजे शुद्धीवर आली.

एका हिवाळ्यात देवीदास माळी स्वतःच आला. हातात फुलं नव्हती, सोबत बायको होती, माणिकबाई. त्यांची तान्ही मुलगी तापाने गेली होती. तेव्हापासून माणिकबाई रिकामा पाळणा हलवत बसायची. खात नव्हती, बोलत नव्हती, रडायची थांबत नव्हती.

“डॉक्टरसाहेब, हे अशीच सुकून जाईन,” देवीदास म्हणाला. “काईबी करा, पन हिले वाचवा.”

केशवरावांनी मला कपाटातून काढलं. तिच्या दातांत कापडाची गुंडाळी दिली, नत्थुजींनी खांदे धरले. पुढचं मी सांगत नाही. देवीदास ओसरीवर बसून टोपी चुरगाळत होता, एवढं मला दाराच्या फटीतून दिसलं.

काही दिवसांनी ते पुन्हा आले, मग पुन्हा, मग पुन्हा. आणि माणिकबाईला खरंच उतार पडला. ती भाकरी खाऊ लागली. रडणं थांबलं. तिची बोटं पुन्हा गजरे गुंफू लागली. दर खेपेला केशवराव तेच तीन प्रश्न विचारत. वार ती अडखळत सांगायची. गाव सांगायची. तिसऱ्या प्रश्नाला मान खाली घालायची. “लाजली जी साहेब!” नत्थुजी म्हणायचे. तिच्या कपाळावर घाम असे, तो मात्र कुणाच्या नजरेत भरला नाही. मलाही तो झटक्याचाच वाटला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या बाईची मूठ आतून रिकामी होती आणि ती घट्ट झाकून बसली होती.

केशवरावांनी सांगितलं, “आणखी थोडे झटके देऊन ठेवू. दुखणं उलटायला नको.”

चैत्र आला. डॉक्टरांच्या पत्नी कुंदाताई यांनी माजघरात चैत्रगौर मांडली. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. मोगऱ्याचे गजरे घेऊन माणिकबाई आली, सोबत तिची धाकटी जाऊ सिंधू. कुंदाताई म्हणाल्या, “आज फुलं ठेवून निघायचं नाही हं माणिकबाई. बसायचं, आणि नाव घ्यायचं!” बायकांनी एकच गलका केला. उपचाराच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. मलाही आनंद झाला. माझ्या हातून बरी झालेली बाई उखाणा घेणार होती!

माणिकबाईने पदर सावरला आणि सुरुवात केली,

“मोर्नेच्या काठी मोगऱ्याचा वाफा...”

आणि थांबली. “हं, पुढं!” बायका म्हणाल्या. तिने पुन्हा सुरुवात केली. चाल बरोबर होती, शब्द बरोबर होते. वाफ्यापाशी येऊन ती पुन्हा थांबली.

“अगंबाई, लाजली!” कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

माणिकबाई हसली नाही. ती जावेकडे झुकली. “सिंधू, मले त्यायचं नाव सांग ना वं.”

सिंधूला थट्टा वाटली. “मी कशी घेऊ जी बाई? माहे भासरे लागतेत ते!” नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव ती तरी कशी घेणार? माणिकबाईने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती अगदी हळू म्हणाली, “थट्टा नाई वं. मले खरंच याद नाई येऊन राहिलं.”

हसणं विरलं. कुणीतरी पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला. माझ्या पोटात तेव्हा वीज नव्हती, तरी मी आतून हादरले.

कुंदाताईंनी सगळं केशवरावांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माणिकबाईला बोलावलं. मला बाहेर काढलं नाही. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले, आणि देवीदास दाराशी उभा राहिला.

“माणिकबाई, मी इतके दिवस विचारत होतो, तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलू जी? तुमी हासत होते. मले वाटलं, असंच ऱ्हायते.”

आता केशवरावांनीच मान खाली घातली. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

देवीदास पुढे आला. त्याने आयुष्यात तिच्यासमोर स्वतःचं नाव उच्चारलं नसेल. शाळेत नाव सांगणाऱ्या पोरासारखा तो ताठ उभा राहिला. “माहं नाव देवीदास हाय,” तो म्हणाला. “घे वं. डॉक्टरसाहेबासमोर घे. लाजू नको.”

“देवीदास,” ती म्हणाली. नवं नाव म्हणून पाहावं, तसं तिने ते म्हटलं. मग खरोखरच लाजली.

केशवरावांनी विचारलं, “आणखी काही विसरल्यासारखं वाटतं का?” हा चौथा प्रश्न त्या खोलीत कुणी कधी विचारला नव्हता.

माणिकबाईने थोडा विचार केला. “घरी लेकराचा पायना बांदेल हाय, जी. कोनी सोडत नाई, कोनी काई बोलत नाई. मी इचारलं तं हे उठून बागेत जातेत. त्या पायन्यात कोन निजत होतं?”

मित्रांनो, तिचं दुःख गेलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. दुःखाबरोबर तिची लेकही गेली होती, दुसऱ्यांदा.

देवीदासने केशवरावांकडे पाहिलं. डॉक्टरांनी होकाराची मान डोलावली. सांगू नका, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. देवीदास तिच्याजवळ जमिनीवर बसला.

“आपली पोर होती,” तो म्हणाला. “शकुन नाव होतं तिचं. मोगऱ्याचा वास आला का हासे.”

“शकुन,” माणिकबाई म्हणाली. चेहरा तिला आठवला नाही. पण तिचे हात आपोआप मांडीवर आले, पाळण्याची दोरी ओढल्यासारखे हलले, आणि ती रडू लागली. जे रडणं थांबवायला तिला माझ्याकडे आणलं होतं, तेच रडणं. नत्थुजींनी सवयीने कपाटाकडे हात नेला. केशवरावांनी त्यांचा हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “रडू दे तिला.”

पुढे माणिकबाईला बरंच आठवलं. शकुनचा चेहरा मात्र कधीच आठवला नाही. देवीदास तिला सांगत असे, आणि ती ऐकून घेत असे. त्या दसऱ्याला मला झेंडूची माळ आली नाही, आणि ती यावी असं मलाही वाटलं नाही. केशवरावांनी मला अगदी टाकलं नाही, पण मला काढण्याआधी ते फार वेळ बोलू लागले आणि काढल्यानंतर त्याहून जास्त वेळ ऐकू लागले. पुढे नवी औषधं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. आता माझ्या पितळेला हिरवा गंज चढला आहे आणि गाद्या उंदरांनी नेल्या आहेत.

माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसेल. उपचाराने काय बरं झालं ते विचाराच, पण काय हरवलं तेही विचारा. आणि कुणी मान खाली घालून गप्प बसलं, तर लाजलं म्हणून हसू नका. जवळ बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.